सासऱ्यांचा फोन त्यांना परत द्या

"मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. आम्ही पाच जण, कॉम्प्युटर तीन. तिन्हींचा पासवर्ड एकच आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. सगळ्या क्लायंटचे आयकर आणि जीएसटीचे लॉगिन एका एक्सेल शीटमध्ये आहेत. सरांना बोलून पाहिलं, तर म्हणाले, 'आपण एवढेसे, आपल्याकडे कोण येतंय?' घरी वेगळीच कथा. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. गेल्या महिन्यात त्यांना 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल' असा मेसेज आला. त्यातल्या नंबरवर त्यांनी फोन केला, समोरच्याने पाठवलेलं अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतलं आणि पेन्शनच्या खात्यातून ४८,००० रुपये गेले. आम्हाला त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून ह्यांनी त्यांचा फोन काढून कपाटात ठेवलाय. तक्रार केलेली नाही, 'गेले ते गेले' म्हणतात. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ओळखीतला एक जण तीन हजारांचा अँटीव्हायरस घ्या म्हणतोय. मी कॉमर्सची, यातलं मला फारसं कळत नाही. सुरुवात कुठून करू?"
— एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

आधी तक्रार करा. हे उत्तर अर्धवट ठेवून उठलात तरी चालेल. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर सासऱ्यांच्या नावाने तक्रार नोंदवा. बँकेचं स्टेटमेंट, तो मेसेज, त्यातला नंबर आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. असा पैसा एका खात्यात बसून राहत नाही. कमिशन देऊन वापरायला घेतलेली दुसऱ्यांची खाती असतात. त्यांतून तो काही मिनिटांत चार ठिकाणी फुटतो आणि एटीएममधून बाहेर पडतो. तक्रार आली की त्या साखळीतल्या बँकांना एकामागून एक कळवलं जातं आणि जिथे रक्कम अजून पडून असेल तिथे ती गोठवली जाते. म्हणून पहिला तास मोलाचा. महिना उलटल्यावर फार आशा धरू नका, पण दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून त्यातलं एखादं खातं आधीच गोठलेलं असू शकतं. तिथल्या पैशावर हक्क सांगायचा तर हातात तक्रारीचा क्रमांक लागतो. 'गेले ते गेले' म्हणून घरी बसणाऱ्याकडे तो नसतो.

बँकेकडे लेखी तक्रार वेगळी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं, सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्याचा सांगाडा असा: दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा आहे, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भुर्दंड. ग्राहकाने स्वतःच पिन-ओटीपी सांगून टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर ठेवलेली आहे. आता बँक म्हणणार, अ‍ॅप तुम्हीच घेतलंत. ते खोटं नाही. पण सासऱ्यांनी ओटीपी तोंडाने सांगितला, की त्या अ‍ॅपने तो मेसेजमधून परस्पर वाचला, यात फरक आहे. त्यांना शांतपणे बसवून विचारा आणि जे घडलं ते तसंच्या तसं अर्जात लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आता तो कपाटातला फोन. तो बंद करून ठेवलाय की नुसताच ठेवलाय? चालू असेल तर ते अ‍ॅपही चालूच आहे, आणि सिम आत असेल तर सासऱ्यांच्या नावाने येणारे ओटीपी आजही दुसऱ्या कुणाला वाचता येत असतील. फोन बाहेर काढा, वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. फोटो आणि संपर्क केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पण त्यांच्यासोबत एकही अ‍ॅप किंवा एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल आणू नका. मग फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करा. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, कारण अशी काही अ‍ॅप चिन्ह लपवून आत राहतात. रीसेट झाल्यावर डायलरवर ##००२# दाबा, म्हणजे कुणी परस्पर कॉल फॉरवर्ड करून ठेवले असतील तर ते रद्द होतील. नेटबँकिंगचा पासवर्ड आणि जीमेलचा पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

आणि मग फोन सासऱ्यांच्या हातात परत द्या.

हे तुमच्या मिस्टरांना आवडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सासरे तिसऱ्या दिवशी बोलले. मधले दोन दिवस कशात गेले? त्यांना काही समजलं नाही म्हणून गेले नाहीत. पैसे गेल्याचा मेसेज त्यांनी वाचलाच असणार. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, त्याला आपण फसलो हे मुला-सुनेला सांगणं जड गेलं. बहुधा ते स्वतःच काहीतरी करून पैसे परत मिळतात का पाहत होते. म्हणजे रक्कम गोठवण्याची सगळ्यात चांगली वेळ घरच्यांच्या बोलण्याच्या धास्तीत गेली. आणि त्यांनी अखेर सांगितलं तेव्हा काय झालं? फोन जप्त. घरात मुलं असतील तर त्यांनीही हे पाहिलं. उद्या मुलीला कुणी इन्स्टाग्रामवर धमकावलं, मुलाने गेमच्या नादात तुमच्या कार्डाचा नंबर कुठे टाकला, तर ते तुमच्याकडे येतील का? सांगितलं की फोन जातो, हे त्यांना कळून चुकलंय. मला विचाराल तर ४८,००० रुपयांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

फसवणूक ओळखायला शिकवणाऱ्या याद्या ढीगभर मिळतात. त्या वाचाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. दमलेला, घाईत असलेला, झोपेतून उठलेला कुणीही कधीतरी चुकीच्या जागी बोट लावणारच. सासरे लावतील, तुम्ही लावाल, मीही लावीन. प्रश्न एवढाच की त्या एका बोटाने किती जाईल. ते आधी ठरवून ठेवता येतं.

सासऱ्यांचं पेन्शन ज्या खात्यात येतं त्या खात्यावरची यूपीआय नोंदणी काढून टाका. शक्य असेल तर मोबाइल बँकिंगही बंद करून घ्या. त्या खात्याला पासबुक आणि चेकबुक पुरे. दुसरं साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याला भाजी, औषधं आणि रिचार्जपुरते चार-पाच हजार टाका आणि यूपीआय तेवढ्याच खात्याला जोडा. उद्या पुन्हा काही झालं तरी जाऊन जाऊन त्या महिन्याचा किराणा जाईल. त्यांना मात्र चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करता येईल, आणि निवृत्त माणसाला त्याचं किती अप्रूप असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. फोन काढून घेतलात की त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप जातं, भिशीचा ग्रुप जातो, नातवाचे फोटो जातात. चोराने तेवढं नेलं नव्हतं.

तो वीजबिलाचा मेसेजही एकदा सगळ्यांनी मिळून वाचा, राग बाजूला ठेवून. रात्री साडेनऊ ही वेळ कशी निवडलीय पाहा. तेव्हा महावितरणचं कार्यालय बंद, शेजारचा वायरमन जेवायला बसलेला, मुलगा-सून अजून कामावरून यायची. मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असणार. महावितरणचे अधिकृत मेसेज इंग्रजी अक्षरांच्या ठरलेल्या नावाने येतात, वैयक्तिक नंबरवरून येत नाहीत; २०२२ पासून महावितरण हे पुन्हा पुन्हा सांगत आलंय. आज वीज, उद्या आरटीओचं चलन, परवा लग्नाची पत्रिका, मग पीएम किसानचा हप्ता. नावं बदलतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके नावाची फाइल येते आणि ती लगेच उघडायची असते. तेव्हा प्ले स्टोअरच्या बाहेरून एकही अ‍ॅप घ्यायचं नाही, मग ते पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. भावाचं व्हॉट्सअ‍ॅप चोरांच्या ताब्यात गेलेलं असलं तर पत्रिका त्याच्याच नावाने येते.

पोलिस, सीबीआय किंवा कस्टमच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणणारेही आहेत. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. या कॉलवर हमखास एक वाक्य येतं: 'घरात कुणाला सांगू नका.' तुमच्या घरात याच्या बरोबर उलट नियम करा. जो कुणी असं म्हणेल त्याच्याबद्दल घरात आधी सांगायचं, फोन चालू असतानाच, मोठ्याने. सासरे शिक्षक आहेत, तेव्हा हा नियम नातवंडांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडेच द्या. चूक केलेला माणूस म्हणून कोपऱ्यात बसवण्यापेक्षा ते बरं.

बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे वर दिसणारा 'कस्टमर केअर' पुष्कळदा चोराचा असतो. नंबर पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपल्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन या शेपटीवर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही शेपटी बँकांशिवाय कुणाला मिळत नाही, म्हणून पत्ता वाचताना शेवट बघायची सवय लावा. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, हे तर तुम्हाला माहीत आहेच.

आता तुमचे सर.

'आपण एवढेसे, आपल्याकडे कोण येतंय?' या प्रश्नाला २०१७ मध्ये उत्तर मिळालंय, आणि योगायोग असा की ते करभरणा करणाऱ्यांच्याच जगातून मिळालं. युक्रेनमध्ये एम. ई. डॉक नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे हिशेब आणि विवरणपत्रांसाठी सॉफ्टवेअर असतात तसलंच, एका छोट्या घरगुती कंपनीने बनवलेलं. तिथले बहुतेक व्यावसायिक कर भरायला ते वापरायचे. हल्लेखोर आधी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि २७ जून २०१७ ला त्यांनी अपडेटच्या वाटेने 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सोडला. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरलं. लक्ष्य युक्रेन होतं. पण युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्यांच्या नेटवर्कमधून तो बाहेर पडला. मर्स्क ही जगातली एक सर्वांत मोठी जहाज कंपनी कोलमडली आणि त्या समूहाचं न्हावा-शेव्याचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने नंतर स्वतःच नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. न्हावा-शेव्यावर कुणी नेम धरला नव्हता. कुणी तिथे 'आलं' नव्हतं.

सरांना ही गोष्ट सांगताना पुढचा तपशील गाळू नका, कारण तो थेट तुमच्या मॉनिटरला चिकटवलेल्या कागदाबद्दल आहे. नॉटपेट्या दोन वाटांनी पसरला. एक वाट विंडोजमधल्या एका छिद्राची. मायक्रोसॉफ्टने ते १४ मार्च २०१७ लाच बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांचे कॉम्प्युटर आधी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या दुसऱ्या व्हायरसने बंद पाडले आणि मग जूनमध्ये याने. दुसरी वाट पासवर्डची. एका मशीनमध्ये शिरल्यावर तो तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच दुसऱ्या मशीनवर चालवून बघायचा. अपडेट केलेल्या मशीनही अशा पडल्या, कारण पासवर्ड सगळीकडे तोच. तुमच्या ऑफिसात तो मेमरीतून उचलायचीही गरज नाही, कॅमेऱ्यात दिसेल!

म्हणून तिन्ही कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा, आणि रोजच्या कामाचं खातं 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांचं, ठेवा. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड सरांकडे, आणि ते काही नवीन बसवायचं असेल तेव्हाच वापरायचं. पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतील. घरच्या कॉम्प्युटरवरही मुलांचं खातं असंच वेगळं करा. गेमच्या नावाखाली मुलं काय काय उतरवतात ते त्यांनाही आठवत नाही.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन साधारण २०१८ नंतरची असेल तर बहुधा विंडोज ११ वर जाते, तेही फुकट. जात नसेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय आहे. ऑफिसच्या जुन्या मशीनवर मात्र क्लायंटचं काम करत राहू नका. आणि विंडोज किंवा ऑफिस 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देणारं क्रॅक कुणी बसवलं असेल, तर ते बसवताना त्याने आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं होतं का, ते आठवून बघा. चोराने कुत्रा बांधून ठेवायला सांगितला आणि आपण तो बांधला, असा तो प्रकार.

त्या एक्सेल शीटबद्दल. पासवर्ड लिहून ठेवण्यात पाप नाही, असं माझं मत आहे. घरच्या कपाटातल्या वहीत सासूबाईंचा नेटबँकिंगचा पासवर्ड लिहिलेला असेल तर असू द्या. सांगलीतल्या तुमच्या कपाटापर्यंत पोचणारा हॅकर मला माहीत नाही. पण शेकडो लोकांचे लॉगिन एका उघड्या फाइलमध्ये, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, घरच्या लॅपटॉपवर फिरतेय, हे वेगळं. ते सगळे लॉगिन पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलपात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हलवा. बिटवॉर्डन किंवा कीपास दोन्ही फुकट सुरू करता येतात. कीपासची फाइल ऑफिसच्याच मशीनवर राहते, सरांना क्लाउडची भीती असेल तर ते पटेल. फाइल हलवल्यावर जुन्या शीटच्या सगळ्या प्रती पुसा, मेलच्या 'सेंट'मधल्यासुद्धा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ती शीट आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही, तुम्हीच स्वतःला विचारा.

कर सल्लागारांच्या ऑफिसांत क्लायंटचा पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे ॲट १२३, किंवा पॅन आणि जन्मतारीख, अशी सर्रास पद्धत असते. पॅन आणि जन्मतारखेने तर वार्षिक माहिती विवरणाची पीडीएफच उघडते, आणि दोन्ही गोष्टी प्रत्येक झेरॉक्सवर छापलेल्या असतात. त्या गुप्त नाहीत. मॅनेजरलाच प्रत्येक क्लायंटसाठी लांबलचक पासवर्ड बनवू द्या, लक्षात ठेवायची गरज उरत नाही. तुम्हाला स्वतःला लक्षात ठेवायचे पासवर्ड दोन-तीनच: मॅनेजरचा, जीमेलचा, कॉम्प्युटरचा. त्यांना चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, कढीलिंब-रिक्षा-पाटी-चांदोबा या धर्तीवर. हेच शब्द मात्र घेऊ नका, हे आता छापलं गेलं. पसायदानाची ओळ किंवा कुलदैवताचं नावही नको. ते हजारोंनी आधीच घेऊन झालंय. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम सरांनी कुठे ऐकला असेल तर तो जुना झालाय. अमेरिकेच्या ज्या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शनातून ही रीत जगभर पसरली, त्याच संस्थेने २०१७ मध्ये ती मागे घेतली: पासवर्ड लांब असू द्या, आणि फुटल्याची शंका आली तरच बदला. लोक दर महिन्याला शेवटचा आकडा एकने वाढवण्यापलीकडे काही करत नव्हते.

जीमेलला 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) आजच लावा, घरातल्या प्रत्येकाच्या. बाकी सगळ्या ठिकाणचा 'फरगॉट पासवर्ड' तिथेच येऊन पडतो. व्हॉट्सअ‍ॅपलाही सहा आकडी पिन लावता येतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते अजून चालू आहे का बघा. पेनड्राइव्ह त्या दुकानात नेलाच, तर परत आल्यावर तो ऑफिसच्या मशीनला लावू नका. त्यापेक्षा फाइल मेल करा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा, म्हणजे पीडीएफचा मुखवटा लावून आलेल्या फाइलची ईएक्सई (म्हणजे प्रोग्राम) ही खरी शेपटी दिसेल.

डिजिटल सहीचे डोंगल (यूएसबीत लावायचे) काम झालं की काढून कुलपात ठेवा, आणि डोंगलसोबत मिळालेला १२३४५६७८ हा पिन आजवर बदलला नसेल तर बदला. आयकर विभागाच्या नावाने नोटीस मेलवर आली तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. पोर्टल स्वतः उघडून तिथे तो पडताळता येतो, लॉगिनही लागत नाही. जुलै-सप्टेंबरच्या घाईत रिफंडचे खोटे मेल मुद्दाम येतात, तेव्हा ऑफिसात हे एकदा सगळ्यांना दाखवून ठेवा.

पैशाच्या बाबतीत एक नियम मात्र सरांनी स्वतः पाळायला हवा, नाहीतर उपयोग नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूट या लस बनवणाऱ्या कंपनीत एका अधिकाऱ्याला कंपनीप्रमुखांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला: या खात्यांवर पैसे पाठवा. एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. तिथे कुणी मूर्ख नव्हतं, साहेबांना उलट फोन करून 'खरंच तुम्हीच का?' विचारायची पद्धत नसते एवढंच. तुमच्या ऑफिसात ती पाडा. सरांच्या नावाने, क्लायंटच्या नावाने, कुणाच्याही नावाने मेसेज किंवा मेल आला की 'खाते क्रमांक बदललाय' किंवा 'तातडीने भरा', तर आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा, मग पैसे. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि असा फोन आला तर सरांनी चिडायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणायला हवं. मालक चिडतो हे माहीत असलेला कर्मचारी फोन करत नाही, पैसे पाठवून मोकळा होतो. तुमच्या घरी जे झालं तेच इथे होईल, फक्त पैसे क्लायंटचे असतील.

'सायबर सुरक्षा' हा शब्द सरांपुढे काढूच नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड तुमच्या ऑफिसला कुणी लावणार नाही, पण कलम वाचायची सवय असलेल्या माणसाला कलम दाखवावं.

राहिला अँटीव्हायरस. विंडोजसोबत डिफेंडर येतो, तो चालू आणि ताजा असेल तर तुमच्यासारख्या ऑफिसला पुरेसा आहे. ते तीन हजार बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी ठेवा. थोडे कमी पडले तर सरांकडून घ्या. टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फाइल दर शुक्रवारी त्यात उतरवायच्या आणि केबल काढून डिस्क कपाटात ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइल अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतं. जमलं तर दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक सरांच्या घरी राहू द्या. पुराच्या गावात हे वेगळं सांगायला नको. महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी टॅली कंपनी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडते का ते बघा. ते काम कुणाचं, हे नाव घालून कॅलेंडरवर लिहा, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही.